गोदाशुद्धीचे बार्हस्पत्यमान

भारतीय कालगणनेत सौरमान, चांद्रमान आणि सावनमान यांच्या जोडीला बार्हस्पत्यमान नावाचे आणखी एक मान सांगितलेले आहे आणि त्यात काळाची मोजणी गुरूच्या, म्हणजे बृहस्पतीच्या, गतीवरून केली जाते. पंचांगकर्त्यांखेरीज आता या मानाला कोणी विचारत नाही असा विद्वानांत समज आहे. परंतु नाशिक महानगरपालिकेच्या कारभाराचा पुरेसा अभ्यास न झाल्यामुळेच तो रूढ झाला असावा. गुरूला सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास सुमारे 11.86 वर्षे लागतात, त्यामुळे ढोबळमानाने बारा वर्षांनी तो सिंह राशीत परततो, त्या वेळी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो आणि त्याच सुमारास गोदावरी अस्वच्छ आहे ही गोष्ट शासनदरबारी सिद्ध होते. मधल्या वर्षांत ती स्वच्छ असते असे कोणाचेही म्हणणे नाही. फक्त त्या वर्षांतील घाण अंदाजपत्रकात बसत नाही.

शहराचे सांडपाणी मात्र सावनमान पाळते. सावन दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ. या काळात शहर एकदा उठते, दात घासते, आंघोळ करते, धुणी-भांडी उरकते आणि या सर्वांचे पाणी उताराच्या दिशेने, म्हणजे शेवटी नदीच्या दिशेने, लावून देते. गुरू कोणत्या राशीत आहे याची चौकशी न्हाणीघराच्या मोरीने आजवर केलेली नाही. घाण रोजच्या मानाने आणि शुद्धी बृहस्पतीच्या मानाने, अशा दोन कालगणना एकाच पात्रात शेजारी शेजारी वाहत असल्यामुळे जे घडायचे तेच घडले आहे आणि ते पाहण्यासाठी दुर्बिणीची गरज पडत नाही.

या दृष्टीने येता सिंहस्थ अभ्यासकांना विशेष मोलाचा वाटावा. 31 ऑक्टोबर 2026 रोजी ध्वजारोहणाने त्याचा आरंभ आणि 24 जुलै 2028 रोजी समाप्ती ठरली असून मुख्य स्नानांपैकी पहिले 2 ऑगस्ट 2027 रोजी, सोमवती अमावास्येला, होणार आहे. एरवी वर्ष-सव्वा वर्षात आटोपणारे हे पर्व या खेपेला पावणेदोन वर्षांवर लांबले, कारण गुरू मध्येच वक्री होतो, म्हणजे पृथ्वीवरून पाहणाऱ्याला उलटा चालल्यासारखा दिसतो, कर्केत माघारी जातो आणि काही महिन्यांनी पुन्हा सिंहेत येतो. सार्वजनिक बांधकामाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या गतीत नवल वाटणार नाही. काम सुरू होणे, अडणे, माघारी जाणे आणि मुदतवाढ घेऊन पुन्हा सुरू होणे हा क्रम त्यांनी आकाशाकडे मान वर न करताही अनेकदा पाहिलेला असतो.

गोदावरीच्या शुद्धीचा प्रश्न मुळात नदीच्या शुद्धीचा नव्हताच. ब्रह्मपुराणातील गौतमी माहात्म्यानुसार गौतम ऋषींना गोहत्येचे पातक लागले, त्यांनी शंकराची आराधना केली, गंगा ब्रह्मगिरीवर अवतरली, आणि ती पुढे निसटू लागताच ऋषींनी कुश म्हणजे दर्भ टाकून तिला रोखले, त्या जागी त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त तीर्थ झाले. नदीचा प्रवाह अडवण्याचे हे पहिले काम केवळ गवताच्या साहाय्याने, विनानिविदा आणि एकाच दिवसात पार पडले, आणि त्याविरुद्ध अद्याप कोणी जनहित याचिका दाखल केलेली नाही. पुढील पिढ्यांनी दर्भाची जागा सिमेंटला दिली. त्र्यंबकेश्वर गावात नदीच्या पात्रावर काँक्रीटचा स्लॅब पडला, त्याखाली नदी गेली, आणि तो वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचला. ज्या नदीच्या उगमाचे दर्शन घेण्यासाठी देशभरातून भाविक येतात ती उगमापासून हाकेच्या अंतरावर गुप्त होते. गुप्त नदीचा मान तोवर एकट्या प्रयागच्या सरस्वतीकडे होता. नाशिक शहरात याची भरपाई झालेली आहे, कारण तेथे सरस्वती नावाचा एक नाला असून तो गावठाणातून येऊन सर्वांच्या देखत गोदावरीला मिळतो, आणि तो दिसला नाही तरी त्याचे अस्तित्व अन्य इंद्रियांना कळते.

श्रद्धेची बाजू अधिक भव्य आहे. सिंहस्थात गंगेसह सर्व तीर्थे गोदावरीत स्नानाला येतात आणि बारा वर्षांत माणसांनी त्यांच्यात सोडलेली पापे येथे धुऊन परत जातात, अशी धारणा आहे. आजच्या परिभाषेत बोलायचे तर गोदावरी हे शुद्धीकरण केंद्रांचे मध्यवर्ती शुद्धीकरण केंद्र ठरते. त्या केंद्राची क्षमता किती आणि तेथे साठणारा गाळ टाकायचा कोठे, याविषयी पुराणे मौन बाळगतात. नागरी प्रशासनानेही या एका बाबतीत पुराणांचे अत्यंत निष्ठेने अनुकरण केलेले आहे.

पावित्र्याकडून पाण्याकडे वळले की विषयाचे स्वरूप पालटते. शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर येथे मातीचे मोठे धरण आहे आणि ते 1965 मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून पावसाळा सरल्यावर नाशिकच्या पात्रात पाणी असणे-नसणे हा निसर्गापेक्षा जलसंपदा खात्याचा विषय झाला. धरणातून ठरावीक मुदतीसाठी सोडलेल्या पाण्याला ‘आवर्तन’ म्हणतात. आवर्तन सुरू असताना गोदावरी नदी असते आणि ते बंद झाले की ती मुख्यतः आठवण असते. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळाने पात्रातील स्नानाचे रामकुंडच कोरडे पडले, तेव्हा भाविकांची अडचण होऊ नये म्हणून तेथे टँकरचे पाणी ओतावे लागले. गंगा आणण्यासाठी गौतमांना तप करावे लागले होते. कलियुगात एक फोन आणि एक टँकर पुरतो, हे त्या उन्हाळ्यात सिद्ध झाले. टँकरच्या पाण्यात बुडी मारली असता पुण्य किती लागते याविषयी निर्णयसिंधू या धर्मशास्त्रावरील ग्रंथात काही सापडण्याची शक्यता नाही.

येथे एक शास्त्रीय संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून पुढचा गमतीचा भाग गंभीर वाटण्याचा धोका संभवतो. पाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि ती खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. एक लिटर पाण्यातील घाण अशी फस्त करताना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, त्या आकड्याला जैवरासायनिक प्राणवायू मागणी किंवा बोलीभाषेत बीओडी म्हणतात. आकडा जितका मोठा तितकी जिवाणूंची पंगत मोठी, आणि माशांच्या वाट्याचा श्वास तितका कमी. भारतात ही चाचणी 27 अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवस नमुना ठेवून करतात. स्नानयोग्य पाण्याचा बीओडी 3 किंवा त्याहून कमी, विरघळलेला प्राणवायू 5 किंवा त्याहून अधिक, आणि विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या दर 100 मिलिलिटरमागे 500 पर्यंत असणे इष्ट, तर 2500 पर्यंत असणे चालवून घेण्याजोगे मानले आहे. धर्मशास्त्रात मुख्य कल्प शक्य नसल्यास अनुकल्प, म्हणजे त्याहून हलका पर्याय, सांगितलेला असतो, तीच सोय येथे विज्ञानानेही ठेवली असल्याचे पाहून दोन्ही शास्त्रांच्या अभ्यासकांना समाधान वाटावे. दुर्दैवाने नदी बहुधा अनुकल्पाच्याही पलीकडे उभी असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यांपैकी 53 पट्टे एकट्या महाराष्ट्रातील निघाले, राज्याने या क्षेत्रात पहिला क्रमांक पटकावला, आणि गोदावरीचा सोमेश्वर मंदिरापासून खालचा पट्टा त्यात सन्मानाने विराजमान झाला. पट्ट्याची हद्द देवळापासून मोजावी लागली, यात मंडळाचा काही दोष नाही. या नदीवर कोठूनही मोजू लागले तरी देऊळच लागते.

शहराने उपाय केलेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इत्यादी ठिकाणी मलजल शुद्धीकरण केंद्रे उभी आहेत. मलजल म्हणजे शौचालयांसह घराघरांतून निघालेले सर्व सांडपाणी. ते टाक्यांत मुरवून, हवा देऊन, जिवाणूंकडून खाववून मग नदीत सोडावे, अशी योजना असते. ही केंद्रे आखली गेली तेव्हा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी 30 पर्यंत चालत असे; पुढे ती मर्यादा 10 वर आणली गेली, आणि अभ्यासक्रम मध्येच बदलल्यामुळे कालपर्यंत उत्तीर्ण होणारी केंद्रे एका परिपत्रकासरशी नापास झाली. आता त्यांचे आधुनिकीकरण हाती घेतले जात आहे आणि ते अर्थातच सिंहस्थाच्या आराखड्यात आहे, कारण जिवाणूंनाही गुरुबळ लागते.

या ठिकाणी थोडे गणित टाळता येत नाही. बीओडी 10 असलेले एक लिटर पाणी नदीत सोडले आणि त्यात बीओडी 1 असलेले चांगले पाणी मिसळून मिश्रण 3 वर, म्हणजे स्नानाच्या पायरीवर, आणायचे ठरवले, तर चांगले पाणी साडेतीन लिटर लागते. केंद्रातून निघणारे पाणी 30 चे असेल तर साडेतेरा लिटर लागते. म्हणजे सर्व केंद्रे चोख चालली, एकही नाला परस्पर नदीत घुसला नाही आणि सर्व नागरिक एका रात्रीत सुधारले, तरी उन्हाळ्यात त्या साडेतीन लिटरांचा प्रश्न उरतोच, कारण ते साडेतीन लिटर तेव्हा धरणात असतात. नदी शुद्ध करण्यासाठी प्रथम पात्रात नदी असावी लागते, ही गोष्ट कोणत्याही प्रकल्प अहवालात ठळक अक्षरांत आढळत नाही, कारण तिच्यासाठी काढण्यासारखे काही कंत्राट नाही.

तपोवनाबद्दल एक निरीक्षण येथेच नोंदवणे योग्य. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक जेथे कापले ती ही जागा, अशी परंपरा आहे, आणि शहराचे नाव नासिकेवरून पडले असेही मानतात. नेमक्या त्याच परिसरात शहराच्या मैल्याचे शुद्धीकरण होते आणि केंद्राच्या खालच्या अंगाला पात्रावर पांढरा फेस तरंगल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून झळकतात. कपिला आणि गोदावरी यांच्या संगमावर आलेला यात्रेकरू रुमाल नाकाला लावून आख्यान ऐकतो तेव्हा शूर्पणखेच्या वाट्याला आलेल्या शिक्षेत काही अंशी दयेचाही भाग होता की काय, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक मनाला पडू शकतो.

उपनद्यांच्या वाट्याला आलेले भोग थोडक्यात सांगता येतील. रामकुंडाशी मिळणारी अरुणा वस्तीखाली गडप झाली, वरुणा म्हणजे वाघाडी पंचवटीतल्या घरांची पाठ धुते, आणि सातपूरकडून येणाऱ्या नासर्डीचे ‘नंदिनी’ असे नामकरण करण्यात आले. नदीसुधारणेच्या सर्व उपायांपैकी हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय असून तो शंभर टक्के यशस्वी झालेला आहे.

काँक्रीटचे प्रकरण मात्र सविस्तर पाहण्याजोगे आहे. रामकुंड, लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड अशा कुंडांची माळ नदीच्या पात्रातच बांधलेली आहे आणि जुन्या काळी या कुंडांच्या तळाशी जिवंत झरे होते असे जाणकार सांगतात. 2003च्या सिंहस्थापूर्वी भाविकांचे पाय घसरू नयेत, चिखल होऊ नये, साफसफाई सोपी जावी अशा सद्हेतूंनी कुंडांचा तळ काँक्रीटने बंद करण्यात आला. त्यामुळे पाय घसरणे कमी झाले की नाही याची नोंद नाही; परंतु झरे मात्र वर येणे कायमचे विसरले. खालून येणारे स्वच्छ पाणी बंद करून वरून येणाऱ्या पाण्याच्या स्वच्छतेची चिंता वाहणे ही प्रशासनाच्या इतिहासातली एक अभिजात घटना आहे. नंतरच्या काळात हे काँक्रीट काढावे यासाठी नागरिकांना न्यायालयात लढावे लागले आणि काही कुंडांच्या तळाचे काँक्रीट फोडण्यातही आले. ठेकेदारीच्या अर्थशास्त्रात ही सर्वोत्तम अवस्था समजली जाते, कारण एकाच घनमीटर काँक्रीटचे एकदा घालण्याचे आणि एकदा काढण्याचे अशी दोन देयके निघतात, आणि नदी बारा वर्षांपूर्वी होती तेथे येऊन पोहोचल्याबद्दल उद्घाटन करता येते.

न्यायालयाचा उल्लेख निघाला आहे तर 2012 मधील मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेचा निर्देश करणे भाग आहे. या लढ्यातील मंडळींच्या संघटनेचे नाव ‘गोदावरी गटारीकरण विरोधी मंच’ असे असून त्याच्या पहिल्या दोन शब्दांत सर्व शासकीय अहवालांचा गोषवारा येतो. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून, म्हणजे नीरीकडून, उपाय मागवले, विविध खात्यांना कामे वाटून दिली, आणि नदीकाठी पोलीस बंदोबस्तही ठेवायला सांगितले. भक्तांपासून देवीचे संरक्षण करण्यासाठी शिपाई नेमावा लागण्याचा हा प्रसंग भक्तिमार्गाच्या इतिहासात दुर्मीळ म्हणावा लागेल. शिपायापुढील अडचणही लक्षात घेण्यासारखी आहे: समोर कपडे धुणारी बाई, रिक्षा धुणारा चालक, दशक्रियेचे पिंड सोडणारा यजमान आणि पाप धुणारा यात्रेकरू एकाच पाण्यात उभे असता, त्यांपैकी नेमका कोणता धुण्याचा प्रकार दखलपात्र आहे हे त्याने एकट्याने ठरवायचे असते.

नाशिककर नदीला गोदावरी क्वचितच म्हणतो. तो ‘गंगेवर’ जातो. गंगेवर बाजार भरतो, गंगेवर भाजी घेतली जाते, गंगेवर अस्थी विसर्जित होतात, आणि या गंगेवर निर्माल्यही जाते. निर्माल्य म्हणजे देवाला वाहून उतरलेली फुले, पत्री, हार. ते पायदळी येऊ नये म्हणून वाहत्या पाण्यात सोडावे, ही रूढी ज्या काळात पडली तेव्हा पुडी पानांची असे आणि दोरा सुताचा असे. आता शहरातील कोणत्याही पुलावर सकाळी अर्धा तास उभे राहणाऱ्या निरीक्षकास पुढील विधी हमखास पाहायला मिळतो. दुचाकी कठड्याला लागून थांबते, इंजिन बंद होत नाही. मागे बसलेली व्यक्ती हँडलला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी काढते, तिची गाठ पुन्हा एकदा घट्ट आवळते, दोन्ही बाजूंना पाहते, आणि पिशवी कपाळाला लावून खाली सोडते. पिशवीत झेंडूचे हार, उदबत्तीचा रिकामा पुडा, तडा गेलेली तसबीर आणि गेल्या वर्षीची दिनदर्शिका असते, कारण दिनदर्शिकेवर देवाचे चित्र छापलेले असल्यामुळे ती रद्दीत घालता येत नाही. पिशवी पाण्यावर पडल्याचा आवाज येताच दोघेही हात जोडतात. हात जोडणे आणि घाण टाकणे या दोन क्रियांमध्ये एका सेकंदाचेही अंतर नसते आणि विरोधाचा लवलेश नसतो. उलट पहिली क्रिया दुसरीचा परवाना म्हणून काम करते. महापालिकेने काही पुलांना उंच जाळ्या बसवल्या, त्यामुळे निर्माल्याचे प्रमाण घटले असेल किंवा नसेल, परंतु नेम धरून भिरकावण्याचे कसब नागरिकांत वाढीला लागले. शेजारी ठेवलेल्या निर्माल्य कलशात निर्माल्य टाकल्यास ते नदीला पोहोचत नाही, अशी तक्रारही ऐकू येते. कलश त्याचसाठी ठेवला आहे, हे पटवून देणे वाटते तितके सोपे नाही.

याउलट जेथे लोकांना देवाशी तडजोड करण्याची वाट दिसली तेथे ते सहज बदलले, हेही न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. गणेशोत्सवात ‘देव द्या, देवपण घ्या’ अशी हाक देत विद्यार्थ्यांनी नदीकाठी उभे राहून मूर्ती स्वीकारायला आरंभ केला, तेव्हा प्रथम कपाळावर आठ्या पडल्या आणि पुढे रांगा लागल्या. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची रीतही अनेक घरांनी उचलली. बादलीतला गणपती विरघळायला दोन दिवस घेतो आणि या दोन दिवसांत घरातील सर्वजण त्याची रोज विचारपूस करतात. नदीत सोडलेल्या गणपतीची विचारपूस दुसऱ्या दिवशी कोणी करत नाही.

आता पाणवेलींविषयी. जलपर्णी या ग्रांथिक नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर पोसली जाते, संथ पाण्यावर हिरवी सतरंजी अंथरते, सूर्यप्रकाश अडवते आणि खाली उरलासुरला प्राणवायू संपवते. तिच्या निर्मूलनासाठी मजूर, होड्या, तरंगता कचरा गोळा करणारे यंत्र अशा अनेक साधनांचा अवलंब झाला. तथापि सर्वांत जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे पावसाळ्यात पाणी सोडून पाणवेली निफाड तालुक्याच्या हवाली करणे. त्या पुढे नांदूरमध्यमेश्वरला जाऊन थांबतात. तेथील पाणथळ 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झाली; दूरदेशीचे पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात आणि नाशिकने तीसेक किलोमीटरवरून धाडलेल्या भेटीवर उतरतात. त्याही पुढे मराठवाड्याचे जायकवाडी धरण आहे. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असल्यास वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे, असे समन्यायी वाटपाचे सूत्र आहे, आणि ते सोडण्याची वेळ आली की नाशिकमध्ये मोर्चे निघतात, बैठका झडतात, याचिका दाखल होतात. ही काटकसर स्वच्छ पाण्यापुरतीच मर्यादित आहे. सांडपाण्याच्या बाबतीत नाशिकने आदेशाची, सूत्राची किंवा साठ्याच्या टक्केवारीची कधी वाट पाहिली नाही. ते बारमाही, विनातक्रार आणि मागणीवाचून पाठवले जाते.

गोदावरीची खरी स्वच्छता करणारी एकच यंत्रणा आजवर वेळेवर काम करत आली आहे, ती म्हणजे पूर. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर नाशिककर पुराची उंची मोजतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले, डोक्यावरून गेले, अशा या श्रेणी असून शहरातील आबालवृद्धांना त्या क्यूसेकच्या आकड्यांहून लवकर कळतात. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट प्रवाह, ही व्याख्या पाठ असलेला माणूसही शेवटी मारुती कोठवर बुडाला हेच विचारतो. 2008, 2016 आणि 2019 मध्ये मारुती दिसेनासा झाला, नदी सराफ बाजारात शिरली, आणि वर्षभर पुलावरून सोडलेल्या पिशव्या तिने दुकानांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवल्या. पाणी ओसरल्यावर झाडांच्या फांद्यांना, विजेच्या तारांना आणि देवळांच्या कळसांना लटकलेल्या चिंध्या हा नदीने सादर केलेला लेखापरीक्षण अहवाल असतो, परंतु त्यावर अनुपालन मागवण्याची तरतूद नाही. पूररेषा दोन आहेत, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल; त्या आखल्या गेल्या तेव्हा नदीने घरांत शिरू नये यापेक्षा रेषेने घरांत शिरू नये यासाठी अधिक धावपळ झाली.

अलीकडे आरतीची भर पडली आहे. वाराणसीच्या धर्तीवर गोदावरीची नित्य महाआरती व्हावी यासाठी शासनाने निधी दिला, आणि 2024 मध्ये हा मान पुरोहित संघाचा की रामतीर्थ गोदावरी सेवा समितीचा, यावरून रामकुंडावर वाद पेटला. नदीत नाले कोणाचे मिळतात यावर अशी चुरस आजवर झालेली नाही. नाल्यांच्या बाबतीत प्रत्येक पक्ष दुसऱ्याला मान देण्यास तयार असतो. तथापि या वादातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली की नाशिकमध्ये एखादे काम रोज, ठरल्या वेळी, पाऊस असो की ऊन, गुरू सिंहेत असो की मिथुनेत, न चुकता पार पाडण्याची ताकद आहे. संध्याकाळ झाली की दिवे लागतात, माणसे जमतात आणि आरती होते. ती बारा वर्षांनी एकदा करावी असे कोणी सुचवत नाही.

तेव्हा महानगरपालिकेला आणि आरती करणाऱ्या उभय पक्षांना एक नम्र सूचना करता येईल. रामकुंडावर आरतीच्या वेळापत्रकाशेजारी एक काळा फळा टांगावा आणि त्यावर रोज संध्याकाळी पाण्यातील विरघळलेला प्राणवायू लिहावा, बीओडीचा आकडा तीन दिवसांपूर्वीच्या नमुन्याचा का असेना पण रोज लिहावा, आणि शेजारी 5 व 3 हे दोन आकडे रंगाने कायमचे रंगवून ठेवावेत. आरतीला जमलेल्यांनी तो फळा वाचूनच मग आरती म्हणावी. फळा आणि खडू यांच्या खर्चासाठी निविदा काढावी लागत नाही, आणि त्यासाठी गुरू सिंह राशीत येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही.